खालून कापलेले वाक्य

वर्तमानपत्रात बातमी खालून कापतात. लिहिणाऱ्याने सगळ्यांत महत्त्वाचे ते वर लिहायचे, त्याहून कमी महत्त्वाचे त्याखाली, आणि गेले तरी चालेल ते शेवटी. पान लावताना जागा कमी पडली की उपसंपादक सगळी बातमी पुन्हा वाचत बसत नाही. खालच्या चार ओळी उडवतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. नागपूरच्या एका दैनिकात सात वर्षे मी हे काम केले. त्या सात वर्षांत खालून कापलेल्या ओळींबद्दल एकाही वाचकाची तक्रार आली नाही.

दैनिक बंद पडल्यावर शहरातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात नोकरी मिळाली. तेव्हा सत्तरचे दशक नुकते सुरू झाले होते. पुढची एकोणीस वर्षे मी तिथे होतो. पदाचे नाव समाजसेवक असे होते. त्यामुळे बाहेरच्यांना वाटे की मी फावल्या वेळात रुग्णांना फळे वाटतो. प्रत्यक्षात काम कारकुनाचे आणि दुभाष्याचे होते. रुग्णाच्या गावी पत्र लिहून नातेवाईक बोलावणे, रक्त द्यायला घाबरणाऱ्या भावाला समजावणे, बेवारस प्रेताचे कागद पुरे करणे, आणि डॉक्टरांनी इंग्रजीत जे लिहिले ते रुग्णाला त्याच्या भाषेत वाचून दाखवणे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात जे बोलणे व्हायला हवे आणि होत नाही, ते माझ्या टेबलावर येई.

त्यातले निम्मे बोलणे न बोलण्याबद्दल असे. कर्करोगाच्या वॉर्डात आमच्याकडे एक अलिखित नियम होता: रोगाचे नाव घरच्यांना सांगायचे, रोग्याला नाही. हा नियम डॉक्टरांनी केलेला नव्हता, घरच्यांनीच केलेला होता, आणि तो इतका पक्का होता की डॉक्टरही पाळत. कामठीचा एक यंत्रमागवाला पोटाच्या कर्करोगाने दाखल झाला. पहिल्याच दिवशी त्याची बायको मला जिन्यात गाठून म्हणाली, "यांना काही सांगू नका, हाय खातील." दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मला खाटेजवळ बोलावले. "मले समजलं काय हाये ते," तो म्हणाला. "बायकोले सांगू नोका. ते धसका घेईन." तीन आठवडे मी दोघांची गुपिते दोघांपासून राखली. दोघे एकमेकांना पोटात व्रण असल्याचे सांगत आणि मी दोन्हीकडे मान हलवत असे. तो गेला तेव्हा बायको म्हणाली की बरे झाले, त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न घरी कधी न्यायचे हा होता. माणूस आपल्या घरी, आपल्या जमिनीवर जावा अशी बहुतेकांची इच्छा असे. पण प्रेत बसमध्ये घेत नाहीत. त्यामुळे जिवंत असताना न्यावे लागे, आणि फार आधी नेले तर लोक म्हणत की औषधपाणी केले नाही. म्हणजे दिवस नेमका गाठायला हवा. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणत, "सांगता येत नाही." म्हणून लोक पार्वताबाईला विचारत. पार्वताबाई वॉर्डातली आया. ती रोग्याची चादर नीट करायच्या निमित्ताने त्याचे पाय पाहून येई आणि घरच्यांना म्हणे, "शनवारची गाडी पाहा," किंवा "घाई नोका करू, पोळा करून न्या." तिचा अंदाज चुकल्याचे मी पाहिले नाही. डॉक्टर तिच्यावर चिडत, आणि एकांतात तिला विचारतही.

याच वॉर्डातली ही हकिगत आहे. त्यातली चूक माझी आहे.

डॉ. सबनीस तेव्हा वॉर्डाचे प्रमुख होते. माणूस शिस्तीचा आणि हाताला यश असलेला. अन्ननलिकेच्या कर्करोगावर बाहेरदेशी तयार झालेले एक नवे इंजेक्शन एका औषध कंपनीमार्फत त्यांच्याकडे आले होते. ते जुन्या औषधापेक्षा सरस आहे की नाही हे कोणालाच माहीत नव्हते. दर सोमवारी एक इंजेक्शन, दर गुरुवारी रक्ततपासणी, असे काही रुग्णांवर करून पाहायचे आणि निष्कर्ष लिहायचा, असे काम होते. त्यांच्या प्रबंधाचा विषयही तोच होता. मी त्यांना विचारले होते की ज्याचा उपयोग माहीत नाही ते द्यायचे कसे. ते म्हणाले, "जुन्यानं कोणी वाचत नाही, हे आपण रोज बघतो. नव्याचं दिल्याशिवाय कळणार कसं?" 

कंपनीने रुग्णाच्या संमतीचा कागद पाठवला होता. इंग्रजीत, टंकलिखित, दोन पाने. आमच्याकडे तेव्हा असला कागद नवा होता. शस्त्रक्रियेआधी सही घेत, पण ती "काही झाल्यास जबाबदारी आमची नाही" एवढ्यापुरती. हा कागद वेगळा होता. त्यात रुग्णाला माहिती द्या असे होते. डॉक्टरांनी तो माझ्याकडे दिला. "तुम्ही पेपरवाले. सोपं मराठी करा. आणि एका पानात बसवा. सायक्लोस्टाइल करायचंय, आणि दोन पानं कोणी ऐकत नाही."

मी मराठी केले. ते चांगले झाले होते, असे आजही म्हणेन. एकही अवघड शब्द नव्हता. फक्त दीड पान भरले. मग मी सात वर्षे जे केले तेच केले. पेन्सिल घेतली आणि खालून कापत आलो. औषधाचे नाव वर होते, ते राहिले. इंजेक्शनचे दिवस, मळमळेल, केस गळतील, उपयोग होईलच असे नाही, हे राहिले. खाली कंपनीचा पत्ता होता, तो गेला. त्याच्या वर एक वाक्य होते, तेही गेले. ते असे होते: रुग्ण कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, यातून बाहेर पडू शकतो, आणि त्यामुळे त्याच्या पुढच्या उपचारांत काही फरक पडणार नाही.

कापायला दहा सेकंद लागले असतील. कागद लिहिणाऱ्याने ते वाक्य शेवटी ठेवले होते, त्याअर्थी ते कमी महत्त्वाचे, एवढाच हिशेब हाताने केला. डोक्यापर्यंत तो गेला नाही. कागद डॉक्टरांपुढे ठेवला आणि म्हणालो, "एकदा नजरेखालून घाला."

"बसला ना एका पानात? झालं तर मग," असे म्हणून त्यांनी सही केली.

दिवाळीनंतर पंधरवड्याने या कामाला सुरुवात झाली. एकूण अकरा रुग्ण घेतले. कागद मी वाचून दाखवायचा आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. अकरापैकी आठजणांचे अंगठे होते. त्यांच्यात भिवापूरजवळच्या एका खेड्यातला तुळशीराम होता.

साठीचा, उंच, हाडापेराचा माणूस. पाच एकर शेती, त्यातली दोन एकर मिरची. बरोबर बायको अंजनाबाई. मुलगा नामदेव दर आठ-दहा दिवसांनी येऊन जाई. कागद वाचायच्या आधी नामदेवने मला बाजूला घेतले. "साहेब, त्यात त्या रोगाचं नाव असंन तं ते नोका वाचू. गळ्याले सूज हाये म्हना." नियमच तो होता. मी "कर्करोग" या शब्दाच्या जागी "गळ्याचा आजार" वाचले. तुळशीरामने सगळे शांतपणे ऐकले, शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि कागदावर नीट दाबला. मग अंगठा पुसायला त्याने डोक्याचे फडके काढले नाही, धोतराचा सोगा घेतला. मी दिलेली कापसाची बोळी त्याने बायकोकडे दिली.

दर गुरुवारी रक्त काढताना मी तिथे असे. सुई टोचेपर्यंत माणसाला बोलते ठेवायचे, हा आमच्या कामाचा भाग होता. तुळशीरामला बोलते ठेवणे सोपे होते. मिरचीचा विषय काढला की पुरे.

"बियानं इकत नाई घ्यावं लागत का?" मी एकदा विचारले.

"इकत?" त्याला तो अपमान वाटला. "माह्या बापानं नाई घेतलं, मी नाई घेतलं. आमी घरचं ठेवतो. शेवटच्या तोड्याच्या पहिले मी वावरात फिरतो. झाड पाहातो. ज्याचं अंग भरलं, ज्याले रोग नाई, ज्याची मिरची खाली पाहाते, अशा झाडाले चिंधी बांधतो. त्याले बाया हात लावत नाई. त्याची मिरची येगळी तोडाची, येगळी वाळवाची. तेच बियानं."

"मग मिरची पाहूनच निवडता की."

"झाड पाहून, साहेब. मिरची काय, साऱ्याच लाल." तो बायकोकडे वळला. "ऐकतं वं? साहेब म्हनते मिरची पाहून निवडाची."

"ते शिकले हायेत," अंजनाबाई म्हणाली. "त्यायले शेतातलं काय समजते!"

"नामदेवला येतं का हे?" मी विचारले.

"नाम्या? त्याले झाड म्हनलं का ते हिरवं रायते इतकं समजते." सुई टोचून झाली होती. त्याला कळले नव्हते. "मी जाईन तवा दाखवीन त्याले. यंदा दाखवतोच."

हे बोलणे झाले तेव्हा त्याची चार इंजेक्शने झाली होती. पातळ भाकरीचा कुस्करा गिळत होता. सहाव्या इंजेक्शनानंतर दूध, आणि सातव्यानंतर तेही चमच्याने. डॉक्टर फेरीला येत आणि विचारत, "काय तुळशीराम, कसं काय?" तो उत्तर देई, "बरं हाये, साहेब." डॉक्टर पुढच्या खाटेकडे जात. मी हे सात आठवडे पाहिले आणि त्यात मला काही खटकले नाही.

संक्रांत होऊन गेली होती. एका गुरुवारी सकाळी अंजनाबाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. बसा म्हटले तर बसली नाही.

"एक इचाराचं होतं, साहेब."

"विचारा ना."

"अंगठा वापस घेता येते काय?"

"कशाचा अंगठा?"

"तुमीच तं घेतला. त्या कागदावर." तिने हाताने कागदाची लांबी दाखवली. "शेवटच्या तोड्यावर आलं सारं. यायचं मन तिकडे लागून हाये. रातदिस तेच. मी म्हनलं, डाक्टरले इचारू, सुट्टी मागू. तं म्हनते, सुट्टी कशी मांगतं, अंगठा देल्ला ना मी. अंगठा देल्ल्यावर माघारी निंगाचं नसते."

मला समजायला थोडा वेळ लागला. त्या लोकांच्या आयुष्यात अंगठा दोन-तीनदाच येतो. जमिनीच्या व्यवहारात, वाटणीपत्रावर, कचेरीत. प्रत्येक वेळी त्याचा अर्थ एकच, की आता मागे फिरणे नाही. दिलेल्या अंगठ्यापासून फिरणाऱ्याला गावात नाव ठेवतात. तुळशीराम सात आठवडे वॉर्डात राहिला होता तो औषधाच्या आशेने नव्हे. शब्द दिला म्हणून राहिला होता.

मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "जाऊ शकतो की. कधीही जाऊ शकतो. कागदात आहे ते."

मी म्हणालो, "बघतो."

कपाटातून इंग्रजी कागद काढला आणि मराठी कागद शेजारी ठेवला. त्यानंतर दोन्ही घेऊन पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत गेलो. त्यांनी दोन्ही वाचले. मराठी कागद ते पहिल्यांदाच वाचत होते.

"हे तुम्ही काढलंत?"

"हो."

"का?"

"एका पानात बसत नव्हतं."

त्यांनी मराठी कागदाखालची आपली सही पाहिली. आपण न वाचता सही केली हे त्यांच्याही ध्यानात आले असावे, कारण आवाज चढला नाही. मग म्हणाले, "आज गुरुवार. सोमवारी त्याचं आठवं इंजेक्शन आहे. आठ पूर्ण झाले की तो माझ्या तक्त्यात येतो, सातवर गेला तर सातही वाया. सोमवार होऊ द्या. मंगळवारी तुम्ही सांगा त्याला. सगळ्यांनाच सांगा. चार-पाच दिवसांनी काय फरक पडतो?"

मिरचीचे मी त्यांना सांगितले नाही. प्रबंधाची गोष्ट चालली असताना मिरचीचे काय सांगायचे, असे वाटले. "ठीक आहे," असे म्हणालो. अंजनाबाईला सांगितले की डॉक्टरांशी बोललो आहे, मंगळवारी बघू. ती हात जोडून गेली.

शुक्रवारी पार्वताबाई माझ्याकडे आली. "तो मिरचीवाला बाबा हाये ना, त्याले घरी धाडा. पाय पाह्यले मी."

"मंगळवारी पाठवतोय."

"मंगळवार तुमचा हाये, भाऊ. त्याचा नाई." एवढे बोलून ती बादली उचलून गेली.

सोमवारी आठवे इंजेक्शन झाले. तो दिवसभर ओकत होता.

मंगळवारी सकाळी मी त्याच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. अंजनाबाई पायाशी होती.

"तुळशीरामजी, तुम्हाला घरी जायचं असेल तर जाता येईल."

"औषध सरलं काय?" आवाज आता घोगरा, जेमतेम ऐकू येण्याएवढा होता.

"नाही. औषध आहे. पण तुम्ही नको म्हणालात तर देणार नाहीत."

"नको म्हनता येते?"

"येतं."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्याने माझ्याकडे पाहिले. "ते तुमी वाचलं नाई."

"कागदात नव्हतं. म्हणजे इंग्रजी कागदात होतं. मराठी करताना मी गाळलं."

"काहून?"

"कागद अपुरा पडला."

तो हसला. हसण्याने खोकला आला, आणि अंजनाबाईने त्याची पाठ धरली. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "मांगं लिवाचं होतं ना, साहेब. कागदाले दोन बाजू रायते."

मी मान हलवली. मग जे सांगायचे ठरवले होते ते सांगितले. औषधाने गुण आलेला नाही, पुढे येईल असेही दिसत नाही, आणि आजार साधा नाही. नाव घेणार तेवढ्यात त्याने हात वर केला.

"मले म्हाईत नाई काय? पानी उतरत नाई गळ्यातून, अन् नाम्या म्हनते सूज हाये. सूज अशी रायते काय?" मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "पन नाम्याले सांगू नोका मले म्हाईत हाये म्हून. पोट्ट्याले वाटन, बापाले ठेवता नाई आलं लपवून."

अंजनाबाई म्हणाली, "मले तं सांगाचं होतं."

"तुले काय सांगाचं वं? तूच तं पदराआड रडून रायली दोन महिन्यापासून."

ती उठली आणि खाटेखालची पेटी ओढून कपडे भरू लागली.

त्याच दुपारी उरलेल्या रुग्णांना ते वाक्य वाचून दाखवले. अकरापैकी तिघे तोवर वारले होते. तुळशीराम सोडून सात राहिले होते. दोघांनी लगेच बिछाना आवरला. एकाने विचारले, "आता काहाले वाचता?" चौघे थांबले. सावनेरकडचा एक खाणकामगार म्हणाला, "जाता येते म्हनल्यावर मंग राहाले काई नाई. मले वाटलं होतं दार लागलं." पुढे प्रबंध झाला, छोटा झाला. नवे औषध जुन्यापेक्षा सरस नाही असा निष्कर्ष निघाला. तोही कोणीतरी काढायला हवाच होता. संमतीचा कागद तेव्हापासून दोन्ही बाजूंनी छापला जाऊ लागला.

बुधवारी सकाळी रुग्णालयाच्या जीपमधून तुळशीरामला घेऊन निघालो. सोबत जाणे माझे काम नव्हते, पण गेलो. मागच्या बाकावर गादी टाकून त्याला आडवे केले होते. उमरेड गेल्यावर त्याने उठवून बसवायला सांगितले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरचीची वावरे लागली तसा तो बाहेर पाहत राहिला. काही वावरे लाल होती, काही तोडून झाली होती. तोडून झालेल्या वावरापाशी तो बायकोला म्हणे, "यायचं झालं." लाल वावरापाशी काही बोलत नसे. एकदा म्हणाला, "चिंध्या घेतल्या वं?" तिने पदराखालून जुन्या लुगड्याच्या फाडलेल्या पट्ट्या काढून दाखवल्या. रुग्णालयातच फाडून ठेवल्या होत्या.

यानंतर तो नऊ दिवस जगला. हे मला नामदेवच्या पोस्टकार्डावरून कळले.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. घर शेताला लागूनच होते. घरासमोर सारवलेल्या जमिनीवर मिरची वाळत घातली होती, पुरुषभर लांब अशा चार-पाच पट्ट्यांत. तिचा ठसका जीपमध्येच नाकात गेला. नामदेव धावत आला. त्याने आणि ड्रायव्हरने तुळशीरामला खाटेवर ठेवले. तुळशीरामने खाटेवरून शेताकडे पाहिले. शेतात मिरचीची झाडे होती, पण लाल काही दिसत नव्हते.

"तोडलं काय?"

"परवाच सरला शेवटचा तोडा, बाबा," नामदेव म्हणाला. कौतुक व्हावे अशा आवाजात म्हणाला. "सोमवारी. बाया भेटल्या दहा. मंग भेटत नाई, सारे तिकडे उमरेडले जाते. एका दिवसात झालं."

"चिंध्या कोनी बांधल्या?"

"कोन बांधन? तुमी नोहते." मग त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या साली तुमीच बांधसान ना. बरे होऊन रायले आता."

तुळशीरामने मुलाच्या तोंडाकडे पाहिले. "हो," तो म्हणाला. "पुढच्या साली बांधीन. तुले दाखवीन."

त्याने खाट मिरचीजवळ न्यायला सांगितले. नेली. एका कुशीवर होऊन त्याने हात खाली सोडला, एक मिरची उचलली, देठ धरून फिरवली, ठेवली. दुसरी उचलली. असे चार-पाच वेळा केले. नामदेव आत पाणी आणायला गेला होता. मी खाटेशेजारी उभा होतो.

"हे कागदाचं," तो वर न पाहता म्हणाला, "तुमाले कवा समजलं होतं, साहेब?"

"गुरुवारी."

"गुरुवारी." त्याने मिरची ठेवून दिली. शेताकडे एकदा पाहिले. मग अंजनाबाईला हाक मारली. "साहेबाले शेरभर मिरच्या बांधून दे वं. इतक्या दूर आले."

मी नको म्हणालो. ती ऐकणार नव्हती. तिने पट्ट्या फाडून उरलेला लुगड्याचा तुकडा जमिनीवर पसरला, त्यात मिरच्या भरल्या, हातातल्या एका पट्टीने गाठ मारली आणि ते गाठोडे माझ्या हातात दिले. जीपकडे वळलो तेव्हा मागून त्याचा घोगरा आवाज आला.

"खायाच्या हायेत, साहेब. पेराच्या नाईत."